सभाधीट गोंधळी

लोकांसमोर उभे राहायचे म्हटले की भल्याभल्यांच्या घशाला कोरड पडते. धाराशिव जिल्ह्यात मात्र हाती कागदाचा कपटाही न घेता रात्रभर सभा बांधून ठेवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या घडली. ती म्हणजे आई तुळजाभवानीचे गोंधळी. गोंधळ्यांच्या दोन मुख्य शाखा आहेत. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई.

ही परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात गोंडली नृत्याचा उल्लेख येतो. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्याच्या शेजारीच आहे. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवानेही ‘संगीतरत्नाकरा’त या नृत्याची नोंद घेतली. आजच्या गोंधळाचे नाते अभ्यासक या नृत्याशी जोडतात.

गोंधळी उभा राहिला की लगेच कथेला हात घालत नाही.

आधी पाटावर नवे वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरतात, कलश मांडतात, दिवटी पेटवतात. अंगात घोळदार झगा, डोक्याला पगडी, गळ्यात कवड्यांची माळ. मग संबळावर टिपरू पडते, तुणतुणे सुरात येते आणि गावोगावच्या देवतांना गोंधळाला येण्याचे आवतण जाते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशी नावे एकामागून एक येतात. गण, देवीची स्तुती आणि त्यानंतर आख्यान. हा क्रम श्रद्धेचा आहेच, पण बोलणाऱ्यालाही तो सावरून घेतो. सुरुवातीचे शब्द वर्षानुवर्षे जिभेवर बसलेले असतात. ते म्हणता म्हणता गळा तापतो, श्वास लयीत येतो, समोर कोण बसले आहे याचा अंदाज येतो. मुख्य कथा येईपर्यंत भीती ओसरलेली असते.

ही तयारी लहानपणापासूनची. घरातले पोर आधी थोरांच्या मागे उभे राहून झील धरते, म्हणजे ध्रुपदाची ओळ उचलते. बोलण्याची जबाबदारी येण्याच्या कितीतरी आधी त्याला सभेची सवय झालेली असते. नायक झाल्यावरही तो एकटा नसतो. साथीदार मध्येच प्रश्न विचारतो, हुंकार देतो, आणि तेवढ्यात नायकाला पुढचा धागा सापडतो.

स्मरणशक्तीचा कस लागे तो करपल्लवीत. प्रेक्षकाने कानात सांगितलेले नाव एक गोंधळी हाताच्या खुणांनी दुसऱ्याला कळवी. कमळाची खूण म्हणजे क-वर्ग, चक्राची म्हणजे च-वर्ग. बोटांनी वर्गातले अक्षर आणि चुटकीने मात्रा. शेकडो डोळे रोखलेले असताना हे न चुकता करायचे, तर त्यामागे रोजचा सरावच हवा.

अशा पाठांतराचे मोल इतिहासालाही कळले. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा गोंधळ्यांच्या तोंडी जपलेले पोवाडे त्यांच्या कामी आले.

धाराशिवच्या शाळांत आजही वक्तृत्व स्पर्धा होतात आणि मुले लिहून दिलेली भाषणे धास्तावून म्हणतात. शिक्षकांनी एखाद्या जाणत्या गोंधळ्याला सन्मानाने शाळेत बोलवावे, मुलांना त्याच्या मागे झील धरायला उभे करावे. सभाधीटपणाचे इतके जुने आणि कसाला उतरलेले शिक्षण जिल्ह्यात असताना ते वापरात आणलेच पाहिजे.