सुटलेला पडदा आणि गोनँ यांचं छिद्र
१८५१मध्ये हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाच्या उपकरणामुळे डोळ्याच्या आत पाहता येऊ लागलं, तरी जागेवरून सुटलेला डोळ्याचा पडदा (रेटिना) पुढची सत्तर वर्षं जवळजवळ असाध्यच राहिला. अडचण हत्यारांपेक्षा कारणाच्या समजुतीची होती. पडद्यामागचं पाणी काढलं जाई. ते पुन्हा भरे. लोझानचे नेत्रतज्ज्ञ झ्यूल गोनँ यांनी पडद्यावरचं छिद्र हेच मूळ मानलं, त्याची जागा मोजूनमापून हेरली आणि बाहेरून तापल्या टोकाने डागली. छिद्रं नेत्रतज्ज्ञ लेबर यांनीही आधी पाहिली होती, मग श्रेय गोनँ यांना का? हा आक्षेप रास्त आहे. छिद्र हा पडदा सुटण्याचा परिणाम असेल, असंही विरोधक म्हणत. पण छिद्र बुजलं तर पडदा बसे, निसटलं तर बसत नसे. नुसत्या निरीक्षणातून हा पुरावा मिळालाच नसता. १९२९च्या ॲमस्टरडॅममधल्या नेत्रतज्ज्ञांच्या परिषदेत गोनँ यांचं म्हणणं मान्य झालं. पुढे डागण्याच्या जागी गोठवणं आणि लेझर आलं, छिद्र बुजवणं मात्र टळलं नाही.