घरचं तूप, भट्टीचा हात : शिरपूरच्या बिस्किटांच्या डब्याची गोष्ट

तुम्ही खानदेशातले असाल आणि वयानं चाळिशीच्या पुढे असाल, तर दिवाळीच्या आधीची एक रात्र तुम्हाला नक्की आठवत असेल. घरून मैदा, रवा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, नंबर लावायचा आणि आपली बिस्किटं निघेपर्यंत तिथेच बसून राहायचं. सोबत रिकामा पत्र्याचा डबा, बहुतेक वेळा तेलाचा पंधरा किलोचा, घासूनपुसून कोरडा केलेला. पहाटे तो डबा गरम नानकटाईनं भरून घरी यायचा आणि दुसऱ्या दिवसापासून गल्लीत वाटला जायचा.

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी "खानदेशातल्या घरगुती गोडधोडाच्या देवाणघेवाणीचा इतिहास" असं सांगते. समोरचा हसतो. "म्हणजे लाडवांवर पीएच.डी.?" हो, जवळपास तसंच. पण आज तुम्हाला सांगते की या डब्यात काय काय भरलेलं असतं. साखर कुठून आली, भट्टी कुठून आली, हे तर आहेच. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोण कुणाच्या हातचं खात होतं आणि कोण खात नव्हतं.

कागदपत्रांत स्वयंपाकघर नसतं

पहिली अडचण साधनांची. १८८० साली निघालेला खानदेशचा गॅझेटियर, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड, आम्हा सगळ्यांचा आधार. त्यात कापूस, ज्वारी, तीळ, ऊस, रस्ते, बाजार सगळं आहे. पण तिळाचं पुढे घरात काय व्हायचं, ते नाही. मराठीतली जुनी पाकपुस्तकं बघावीत, तर १८७५ चं 'सूपशास्त्र' किंवा लक्ष्मीबाई धुरंधरांचं १९१० चं 'गृहिणी-मित्र' ही पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांतून आलेली. म्हणून माझं निम्मं काम म्हणजे शिरपूर, शिंदखेडा, अमळनेर या भागातल्या म्हाताऱ्या बायकांसमोर बसणं. चहा होतो, मग त्या विचारतात, "हे लिहून काय करशी व माय?" आणि मग बोलत सुटतात.

आधी गूळ, मग मोरस

आपण समजतो की साखर पूर्वीपासून घरात होतीच. तसं नव्हतं. साध्या घरात गोड म्हणजे गूळ. पांढरी, दाणेदार साखर लांबून यायची. मराठीत तिला 'मोरस' साखर म्हणतात ते उगाच नाही. तो शब्द मॉरिशसवरून आला. पुढे जावाची साखरही मोठ्या प्रमाणात यायला लागली. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत या परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हा ती साफ करताना हाडांचा कोळसा वापरतात हा मुद्दा खूप गाजला. म्हणजे साखर खायची की नाही, हा त्या काळी देशभक्तीचा आणि सोवळ्याचा असा दुहेरी प्रश्न होता.

चित्र पालटलं १९३२ च्या साखर संरक्षण कायद्यानं. बाहेरच्या साखरेवर जबर जकात बसली आणि देशात तिसाच्या आसपास असलेले कारखाने चार-पाच वर्षांत शंभराच्या वर गेले. १९३३ साली आपल्या शेजारी, मालेगावजवळ वालचंद हिराचंदांनी रावळगावचा कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्याही बनू लागल्या. रावळगावच्या गोळ्या न खाल्लेला खानदेशी माणूस शोधूनच काढावा लागेल. पुढे सहकाराचं युग आलं, १९५० मध्ये प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला आणि ते वारं आपल्याकडेही पोचलं. शिरपूर तालुक्यात दहिवदला सहकारी कारखाना उभा राहिला. पुढे तो बंद पडला, ती गोष्ट वेगळी.

मधल्या काळात रेशन होतं. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर नियंत्रण आलं, नंतर ते कधी उठलं, कधी परत बसलं. म्हणून जुन्या बायका सणाची आठवण सांगताना "त्या वर्षी साखर मिळाली होती" असं वर्षाला नाव देतात. रेशनची साखर महिनाभर चिमटीचिमटीनं बाजूला काढायची, ती चहात पडू द्यायची नाही, आणि सणाला त्याच साखरेचं काहीतरी करून दहा घरी वाटायचं. वाटण्यासाठी आधी साठवावं लागतं, हे त्यांच्याकडून ऐकल्यावर मला नीट कळलं.

बोटं भाजणारा हलवा

घरी बनवून वाटायच्या गोळ्यांचं आपलं सगळ्यात जुनं रूप म्हणजे संक्रांतीचा हलवा. तो कधी करून पाहिला आहे का? परातीत भाजलेले तीळ घ्यायचे, परात मंद निखाऱ्यावर ठेवायची, एकतारी पाक चमच्या-चमच्यानं सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं. पाण्याचा अंश उडतो, साखरेचा पातळ थर तिळावर बसतो, परत पाक, परत थर. असं तासन् तास केलं की दाण्यावर काटे फुटतात. घाई केली की काटा येत नाही, नुसता गुळगुळीत दाणा होतो. पौषातली कोरडी, थंड हवा याला लागतेच. पावसाळ्यात हा उद्योग करून बघा, परातीत चिकट लगदा होईल. काटेरी हलवा हे सणाइतकंच हवामानाचं देणं आहे.

होळीला आपल्याकडे हारकंगन असतात. बाकी महाराष्ट्रात ज्यांना साखरेच्या गाठी म्हणतात, तेच. लाकडी साच्यात दोरा ठेवायचा, वरून घट्ट पाक ओतायचा, थंड झाला की साचा उघडायचा. हे घरी होत नाही, कारागिराकडून येतं. शिरपूर तालुक्याच्या सातपुड्याकडच्या गावांत होळीआधी पावरा समाजाचा भोंगऱ्या बाजार भरतो, तिथे डाळ्या आणि गुळाबरोबर हारकंगनांचे ढीग लागतात. गावातल्या मारवाडी घरातल्या पोराच्या गळ्यात जो हार, तोच डोंगरातल्या पावरा पोराच्या गळ्यात.

जे वाटायचंच नसतं

आता याच्या नेमकं उलट उदाहरण बघा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तिचे रोट तुम्हाला माहीत आहेत. सव्वाच्या मापानं काढलेल्या धान्याचा तो प्रसाद फक्त भाऊबंदकीत खायचा. शेजारीण कितीही जिवाभावाची असली तरी तिला तो द्यायचा नाही. पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचा.

माझ्या प्रबंधाचा कणा इथेच आहे. एकाच घरात, एकाच चुलीवर दोन प्रकारचं गोड बनतं. एक घराची वेस आखतं, दुसरं ती ओलांडतं. रोट सांगतात आपण कोण, तिळगूळ सांगतो आपला कोण. हे वाक्य लिहून मी मार्गदर्शकांना दाखवलं तेव्हा त्यांनी समासात एवढंच लिहिलं, "इतकं सोपं आहे का?" नव्हतंच. त्याकडे येते.

भट्टी

शिरपूरला आजही रेल्वे नाही. आपलं जवळचं स्टेशन नरडाणा, तापी ओलांडून. पण ज्या लाईनवर ते आहे, ती सुरत-अमळनेर लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि खानदेश थेट सुरतेशी जोडला गेला. कापूस तिकडे गेला, आणि तिकडून बऱ्याच गोष्टी इकडे आल्या. नानकटाईचं माहेर सुरतच मानलं जातं. डच व्यापारी सुरत सोडून गेले तेव्हा त्यांची भट्टी एका पारशी कामगाराकडे आली, ताडी घालून फुगवलेला पाव स्थानिक लोक घेईनात, म्हणून मग हळूहळू कोरडी बिस्किटं आणि नानकटाई आली, अशी तिथल्या दोटीवाला घराण्याच्या बेकरीची कथा सांगतात. 'नान' हा फारसीतला रोटीसाठीचा शब्द.

कथेतलं अडणं लक्षात घ्या. पाव चालेना, कारण त्यात ताडी. केक चालेना, कारण त्यात अंडं. तयार बिस्किटांबद्दल तर उच्चवर्णीय घरांत इतका संशय होता की १८९८ साली दिल्लीत निघालेल्या कंपनीनं नावच 'हिंदू बिस्किट' ठेवलं. नानकटाईत काय असतं? मैदा, साखर, तूप. किलोभर मैद्याला अर्धा ते पाऊण किलो तूप आणि तितकीच पिठीसाखर. पाण्याचा थेंब नाही. आता तुमच्या आजीचे नियम आठवा. पाण्यात शिजलेलं ते खरकटं. म्हणून प्रवासाला दुधात भिजवलेली दशमी चालायची, पोळी नाही. माझा अंदाज असा की नानकटाई आपल्या घरांत शिरली ती या फटीतून. कोरडं, बिनपाण्याचं, बिनअंड्याचं.

आणि तरी प्रश्न उरतोच, करणारा हात कुणाचा? आपल्या गावांतल्या बऱ्याच भट्ट्या मुसलमान कुटुंबांच्या. इथे लोकांनी एक नामी तोडगा काढला. सामान घरचं न्यायचं. तूप आपलं, साखर आपली, डबा आपला, आणि समोर बसून करून घ्यायचं. चाचा मोठ्या परातीत तूप-साखर तळहातानं फेटायचे, पत्र्यांवर गोळे मांडायचे, लाकडाचा विस्तव बाजूला सारून लांब दांड्याच्या फळीनं पत्रे आत सरकवायचे. मजुरी किलोवर. घरी आल्यावर त्याला 'घरची बिस्किटं' म्हणायचं. बाहेरच्या हाताला घरचं करून घेणारं हे दोन शब्दांचं नाव मला फार आवडतं. डालडा १९३७ मध्ये बाजारात आल्यावर तुपाचा खर्च कमी झाला आणि ज्यांना साजूक तूप परवडत नव्हतं, त्या घरांचाही भट्टीवर नंबर लागू लागला.

आजीच्या पदराची गाठ

आता समासातल्या त्या प्रश्नाकडे. हा प्रसंग माझ्या आईनं मला सांगितला, तोही मी तिची 'मुलाखत' घेतली तेव्हा. एरवी तो कधीच घरात निघाला नव्हता.

१९७८-७९ च्या सुमारास आई शाळेत होती. तिची एक जिवाभावाची मैत्रीण होती, गावाच्या पलीकडच्या वस्तीतली, दलित घरातली. संक्रांतीला ती आमच्या दारात यायची. आजी तिला तिळगूळ द्यायची, 'गोड बोल' म्हणायची, पण तिच्या तळहातावर वरून सोडायची. हाताला हात लागू द्यायची नाही. पाणी मागायची वेळ येऊ नये म्हणून ती मुलगी लगेच निघून जायची. तिळगूळ वेस ओलांडतो असं जे मी लिहिलं होतं, ती वेस नेमकी चार बोटं उंचीची होती.

त्या वर्षी दिवाळीत मैत्रिणीच्या घरीही पहिल्यांदा बिस्किटं पाडून आणली होती. ती स्टीलच्या डब्यात घालून आमच्याकडे आली. भट्टी तीच. चाचा तेच. मैदा बहुधा त्याच दुकानातला. आमचा डबा दोन दिवस आधी निघाला होता, तिचा नंतर, एवढाच फरक. "आजी, घरची बिस्किटं," ती म्हणाली.

आजीला नाही म्हणायला कारण सापडेना. मुसलमानाचा हात म्हणावा, तर आमचा डबाही त्याच हातचा. कोरडं नाही म्हणावं, तर कोरडंच. आईला आठवतं, आजीनं थोडा वेळ त्या डब्याकडे बघितलं, मग हात पुढे केला आणि दोन बिस्किटं घेऊन पदराच्या टोकाला बांधली. खाल्ली की नाही, आईनं पाहिलं नाही. आईनं मात्र तिथेच ओट्यावर बसून चार खाल्ली, आणि संध्याकाळी त्यावरून मार नाही पण बोलणी खाल्ली.

हे ऐकल्यावर मी प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. गोड वाटणं म्हणजे आपोआप जवळ येणं नव्हे. कित्येकदा कोरडं गोड देणं ही सोबत जेवायला न बसण्याची सभ्य रीत होती. तिळगूळ दाराशी देता येतो, भाकरी नाही. पण त्याच कोरड्या गोडानं कधीकधी अशी पंचाईतही केली की जुन्या नियमांना उत्तर सुचेना. आजीनं जात सोडली असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी तिनं हात पुढे केला, आणि बिस्किटं वरून पडली नाहीत, हातात दिली गेली. इतिहासात मी एवढंच लिहू शकते, आणि मला ते थोडं वाटत नाही.

आता

आज शिरपुरात आर. सी. पटेलांच्या नावाची कॉलेजं आहेत, वसतिगृहं आहेत, आणि कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली मुलं घरून डबे घेऊन येतात. पहिल्या रात्री डबा उघडतो, दुसऱ्या रात्री संपतो. दिवाळीत भट्टीवर अजूनही नंबर लागतात, फक्त पूर्वीइतक्या रांगा नाहीत. ओव्हन घरी आला, तयार पुडे स्वस्त झाले. आईची ती मैत्रीण आता धुळ्याला असते. दर दिवाळीला फोनवर आई तिला विचारते, "पाडली का बिस्किटं?"

तुमच्या घरी एखादी आजी, मावशी, काकू असेल तर या सणाला तिला कृती विचारू नका, ती आपल्याला कुठेही मिळेल. तिला विचारा, तुमचा डबा कुणाकुणाच्या घरी जायचा, आणि कुणाच्या घरचा डबा तुमच्याकडे यायचा. या दोन याद्या बहुतेक वेळा जुळत नाहीत. का जुळत नाहीत, ते ती सांगायला लागली की मधे बोलू नका.

पुढच्या लेखात हारकंगनांच्या लाकडी साच्यांबद्दल.