खोली कुठं घ्यावी

निमगाव केतकीच्या पोरांत हल्ली एक नवं बोलणं ऐकू येतं. शहरात जायचं तर अशा भागात, जिथं नाटकवाले, चित्रकार, कवी राहतात आणि भाडंही झेपतं. बारामती–इंदापूर रस्त्यावरच्या या पानमळ्यांच्या गावातनं माणूस आजच बाहेर पडतोय असं नाही. तुकोबांची पालखी इथं मुक्काम करून पुढं इंदापूरला जाते. दुष्काळात आपली माणसं बोचकी बांधून उलट्या वाटेनं मुंबईला गेली. त्यांनी वस्ती कशी निवडली, हे कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात मला सापडलं नाही, म्हणून लिहितो.

निवड कसली? पाव्हणा कुठं आहे ते बघायचं. मग नळ, मग भाडं. आणि या सगळ्याच्या आधी, जात विचारून दार लावणार नाहीत अशी चाळ. गिरणीतही तेच. बाबीन बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून जादा पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल युनियनच्या पुढाऱ्यांपुढं ठेवलाच. पगार तोकडा, तर खोली कुठली मोठी मिळणार!

परळच्या बी.आय.टी. चाळीत खुद्द बाबासाहेबांचा संसार होता, खोली नंबर ५० आणि ५१. जवळच्या दामोदर हॉलमध्ये मार्च १९२४ ला बैठक झाली आणि त्याच साली बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथं सरकारनं बी.डी.डी. चाळी बांधल्या, एकूण २०७. एक खोली १६० चौरस फूट, संडास सामाईक. एवढ्यात घरची माणसं मावेनात, तिथं गावाकडनं आलेला पोरगा कुठं मावणार? तो गॅलरीत झोपायचा. रात्री पुरुषमाणसं चौकात बसायची. ढोलकी वाजली की ऐकणारे आयतेच जमलेले. तिकीट नाही, निमंत्रण नाही.

माटुंगा लेबर कॅम्पात अण्णाभाऊ राहिले. अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पुढं घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहीत राहिले. त्याच लेबर कॅम्पात बाबुराव बागूल मावशीकडं वाढले. १९६३ ला 'जेव्हा मी जात चोरली होती' आलं. नामदेव ढसाळ आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या पूर-कनेरसरचा. पोरवयात ढोर चाळीत आला, आणि १९७२ ला 'गोलपिठा'. यातल्या एकानंही 'कलेचा भाग' शोधून खोली घेतली नव्हती. स्वस्त होतं, आपली माणसं होती, म्हणून राहिले. आज त्या वस्त्यांच्या गरिबीवर भाळणारे लोक हे विसरतात, याचा मला राग येतो. त्या चाळीही काही सुखाच्या नव्हत्या. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी.त दंगल पेटली ती आपल्याच लोकांवर.

मग १८ जानेवारी १९८२ चा संप. गिरण्या बसल्या, जमिनी विकल्या गेल्या, आवारात मॉल आणि टॉवर आले. कामगार कर्जत-कसारा, विरारकडं सरकला. कलेची हौस असलेला पैसेवाला आता त्या भागात राहू शकतो. ढोलकीवाल्याला तिथलं भाडं परवडत नाही.

तेव्हा पोरांनो, पुण्यात जा, मुंबईत जा, पण भाग बघताना भिंतीवरची चित्रं नंतर बघा. भाडं आणि डिपॉझिट आधी विचारा. तालमीला जागा देणारा विहार किंवा समाजमंदिर आहे का ते बघा. आणि एजंट आडनाव विचारून 'मालकाला विचारून सांगतो' म्हणाला, की समजून जा. मला हे उत्तर तीन ठिकाणी मिळालं. चौथी खोली मिळाली ती ओळखीनं, म्हणजे आज्यासारखीच.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी.तल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ५०० चौरस फूट, संडास घरात. चांगलं झालं, ते त्यांच्या हक्काचंच होतं. गॅलरीत झोपणाऱ्या गावाकडच्या पोराचं नाव मात्र कुठल्याच यादीत नव्हतं, आणि नव्या इमारतीला तशी गॅलरी नाही.