ॲमस्टरडॅमचे माळे



गेल्या जूनमध्ये लेकीकडे नेदरलँड्सला गेले होते. तेव्हा एक अख्खा दिवस ॲमस्टरडॅमचे कालवे बोटीतून बघण्यासाठी राखला. सोबत खाकरे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्ताआधी जेवायची घाई नव्हती. पूल, फुलं, सायकली यांचे फोटो तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. मी आज तिथल्या घरांच्या माळ्यांविषयी लिहिणार आहे.

आधी थोडा इतिहास. आम्स्टेल नदीवर तेराव्या शतकात बांध घातला गेला, त्यावरून गावाला नाव मिळालं. १२७५ च्या एका सनदेत त्याचा पहिला उल्लेख आहे. जमीन दलदलीची, म्हणून लाकडी खांब खोल ठोकून त्यांवर घरं उभी केली. बांधाच्या जागी आज जो चौक आहे, तिथला राजवाडा १३,६५९ खांबांवर उभा आहे. १६१३ पासून जुन्या गावाभोवती अर्धगोलात नवे कालवे खणले गेले. हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे त्यातले तीन मोठे. २०१० साली युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा ठरवलं.

बोटीत बसून मान वर केली की घरांच्या माथ्यावर बाहेर आलेली एकेक तुळई दिसते. तिच्या टोकाला लोखंडी आकडा. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद; म्हणून सामान दोर-कप्पीने बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं. ते भिंतीला घासू नये म्हणून कित्येक घरं मुद्दाम पुढे झुकती बांधली आहेत. व्यापारी खाली राहायचा आणि माल माळ्यावर ठेवायचा, कारण खाली पाण्यामुळे ओल. आपल्या माळ्यावर पाहुण्यांच्या गाद्या आणि मोठी पातेली असतात. यांच्या माळ्यांवर मिरी, लवंग आणि जायफळ असायचं.

हे जायफळ आलं कुठून, ते सांगते. त्या काळी जायफळ आणि जायपत्री जगात एकाच ठिकाणी पिकत होती, आजच्या इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. बांदाच्या लोकांनी सगळा माल आपल्यालाच, आपण ठरवू त्या भावाने द्यावा असा तिचा हट्ट होता. लोक इतरांनाही माल विकत राहिले. १६२१ साली कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून सैन्य घेऊन उतरला. गावं जाळली, चाळीसहून अधिक गावप्रमुखांना ठार केलं. सुमारे पंधरा हजार वस्तीपैकी जेमतेम हजार माणसं बेटांवर उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीने गेली, पळाली किंवा गुलाम म्हणून बाहेर नेली गेली. मग बागा राखायला दुसरीकडून गुलाम आणले. आपलं जायफळ दुसऱ्या कुणी रुजवू नये म्हणून ते चुन्यात बुडवून पाठवत. पुढे तर भाव पडू नयेत म्हणून ॲमस्टरडॅममध्ये मसाल्याचे ढीग जाळलेही गेले.

हे ठाऊक असलं की ती देखणी घरं नुसती देखणी राहत नाहीत. गुलामांच्या व्यापारातल्या सहभागाबद्दल शहराच्या महापौरांनी १ जुलै २०२१ रोजी जाहीर माफी मागितली.

पण बोट दाखवून मोकळं होण्याआधी आपलंही घर बघू या. या डचांची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, दुसरी सुरतेत. सुरतेचे त्या काळचे सर्वांत धनाढ्य व्यापारी वीरजी वोरा जैन होते. इंग्रज आणि डच या दोन्ही कंपन्यांशी त्यांचा व्यवहार होता, मिरी-लवंगेचे मोठे साठे ते घेत. ती लवंग कशी मिळवली गेली, हे सुरतेच्या पेढीवर कुणी विचारलं असेल का? अचौर्य व्रताच्या अतिचारांमध्ये ‘तदाहृतादान’ आहे, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणं. स्वतः चोरी न करणाऱ्यालाही हा दोष लागतो. पाठशाळेत आपण हे शब्द पाठ केले. ते स्वस्त साडीला, सोन्याला, मोबाईललाही लागू होतात, हे मला त्या कालव्यात बसून नीट कळलं.

दुपारी एका जुन्या कालव्याकाठी उतरून आम्ही वेगळाच माळा पाहिला. १५७८ मध्ये शहराची सत्ता प्रोटेस्टंट पंथीयांकडे गेली आणि कॅथलिकांना उघड पूजाविधी करायला बंदी झाली. यान हार्टमन या कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ मध्ये घर घेतलं आणि तीन घरांचे माळे जोडून १६६३ पर्यंत तिथे चर्च उभारलं. बाहेरून साधं घर, वर वेदी आणि सज्जे. सरकारला हे माहीत होतं. बाहेरून दिसत नाही तोवर चालवून घेत. घरात चैत्यालय असलेल्या आपल्यासारख्यांना ही जागा परकी वाटत नाही. फरक एवढाच, की आपण हौसेने घरात देव आणतो, त्यांना नाइलाजाने आणावा लागला.

शेवटी प्रिन्सेनग्राख्त २६३. ॲन फ्रँक जुलै १९४२ पासून दोन वर्षं या इमारतीच्या मागच्या भागात लपून राहिली; तिच्यासह एकूण आठ ज्यू माणसं तिथे लपली होती. पुढे तिच्या वडिलांचा व्यवसाय होता, त्यात मसाल्यांचाही व्यापार. म्हणजे इथेही मसालाच. पण या वेळी माळ्यावर एक मुलगी होती, खिडकीतून चेस्टनटचं झाड बघणारी. ऑगस्ट १९४४ मध्ये सगळे पकडले गेले. वाचले एकटे वडील.

त्या दिवसापासून श्रीखंडात जायफळ किसताना मी नातीला बांदाची गोष्ट सांगते. ती विचारते, “मग आपण जायफळ खायचं नाही का?” मी सांगते, खायचं, आता ते केरळातही पिकतं. पण कुठलीही वस्तू घेताना ती कुठून आली, हे विचारायचं.

तुम्ही गेलात तर माळ्यावरच्या चर्चसाठी तासभर ठेवा. जिने फार उभे आहेत, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा. ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं मात्र निघण्याआधीच काढून ठेवा.