पांढरी माती, काव आणि छापील चित्र

आपल्या खेड्यांच्या जुन्या व्यवहारात गावाच्या भूमीचे दोन भाग मानले जात असत. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, आणि पांढरी म्हणजे माणसांच्या वस्तीची जागा. घरे बांधावीत, कालांतराने ती पडावीत, त्यांच्याच मातीवर पुन्हा नवी उभी राहावीत आणि चुलीची राख त्या मातीत मिसळत जावी, असे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले. वस्तीची माती रंगाने फिकट झाली आणि गावठाणालाच ‘पांढरी’ हे नाव पडले. त्याच मातीने भिंती लिंपायच्या, तीच माती छपरावर घालायची. घर सजविण्याचा आपल्याकडील इतिहास सांगावयाचा तर तो राजवाड्यांपासून नव्हे, या मूठभर पांढऱ्या मातीपासून सांगितला पाहिजे.

त्यासाठी टेंभुर्णीच्या आसपासचा मुलूख डोळ्यांसमोर ठेवू या. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील हे गाव पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे. येथूनच एक वाट पंढरपूरकडे आणि दुसरी कुर्डुवाडी-बार्शीकडे फुटते. हा सारा पट्टा पर्जन्यछायेचा आहे. जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान सुमारे ५५० मिलिमीटर, म्हणजे कोकणच्या मानाने अगदीच थोडे. कोकणातील घराला उतरते कौलारू छप्पर लागते. येथील घराला मात्र सपाट मातीचे माळवद पुरत असे. दगड-मातीच्या जाड भिंती, वर तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. खिडक्या थोड्या आणि लहान. उन्हाळ्यात गारवा व थंडीत ऊब देणारे हे घर आतून मात्र काळोखे असे. या काळोखामुळेच भिंत उजळ ठेवणे ही हौस राहिली नव्हती. ती गरज झाली होती.

गृहिणीचा हात

या घरात आजच्या अर्थाने शोभेची वस्तू जवळजवळ नसे. पण शोभा नव्हती असे मुळीच नाही. भिंतीत सोडलेला कोनाडा, दिव्यासाठी देवळी, कपड्यांसाठी लाकडी खुंट्या आणि माजघरात रचलेली मडक्यांची उतरंड यांतून घराला रूप येई. उतरंडीत धान्य, डाळी, बी-बियाणे असे. मोठे मडके खाली, त्याहून लहान वर, अशी ती रचना डोळ्यालाही सुखवी आणि जागाही वाचवी. उपयोग आणि सौंदर्य यांची फारकत झालेली नव्हती, एवढेच याचे तात्पर्य.

भिंतींचे काम गृहिणीचे होते. सणासुदीच्या आधी पांढरी माती भिजवून पोताऱ्याने भिंती सारवायच्या. ऐपत असेल तेथे चुना, आणि चुना पिवळट दिसू नये म्हणून त्यात चिमूटभर नीळ. जमिनीला शेणाचे सारवण. भिंत व जमीन जेथे मिळतात तेथे कावेचा तांबडा पट्टा. हा पट्टा केवळ नटण्यासाठी नव्हता. सारवताना भिंतीच्या पायथ्याशी उडणारे शिंतोडे त्यात लपून जात. उंबऱ्याबाहेर सडा आणि सड्यावर रांगोळी. चुना, नीळ, काव, हळद-कुंकू आणि काजळी इतकीच रंगांची पेटी, पण ती घरोघरी होती.

चित्रेही होती. नागपंचमीला भिंतीवर नाग काढले जात, चैत्रात अंगणात चैत्रांगण रेखाटले जाई, बलिप्रतिपदेला शेणाचे पांडव मांडले जात. श्रावणात जिवतीची पूजा होई. या साऱ्या चित्रांचे वैशिष्ट्य हे, की ती पुसण्यासाठीच काढलेली असत. पुढच्या वर्षी पुन्हा काढायची. म्हणून आईने काढताना लेकीने पाहायचे व हात बसवायचा. शाळेत न गेलेल्या बाईच्या बोटांत प्रमाण, समतोल आणि रेषेची शिस्त होती. ती तिला कोणी ‘कला’ म्हणून शिकवली नव्हती, आणि तिचे नावही कोठे लिहिले गेले नाही. आपल्या कलेच्या इतिहासातील ही फार मोठी उणीव होय.

दगडावरून कागदावर, कागदावरून भिंतीवर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भिंतीवर एक नवा पाहुणा आला. तो म्हणजे छापील रंगीत चित्र. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. शिळाछापाने, म्हणजे दगडावर चित्र उतरवून, देवदेवतांची व इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे तेथे छापली जाऊ लागली. त्यानंतर १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावात आपला छापखाना सुरू केला. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथून निघालेले पहिले चित्र. पुढे हा छापखाना घाटकोपरला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. व्यवहारात खोट आल्याने विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. पण त्यातून निघालेली लक्ष्मी आणि सरस्वती तोवर घराघरांत पोहोचल्या होत्या. १९७२ साली मळवलीच्या कारखान्याला आग लागली आणि त्यात पुष्कळ काही नष्ट झाले.

या चित्रांचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवावे लागत, आणि कागद केसभर सरकला तरी ओठांची लाली गालावर जाई. मूळ तैलचित्र संस्थानिकाच्या दिवाणखान्यात एकच असायचे. या यंत्राने त्याच्या हजारो प्रती काढल्या आणि त्या सामान्य माणसाच्या खिशाला परवडू लागल्या. ज्याला देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्याच्याही घरात देवतेचे चित्र आले. या एका गोष्टीसाठी तरी त्या कागदाला कमी लेखता येणार नाही.

टेंभुर्णीच्या परिसरात ही चित्रे कशी पोहोचली असतील, हे तेथील वाटा पाहिल्या म्हणजे ध्यानात येते. १८६० साली लोहमार्ग सोलापूरला पोहोचला. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीची अरुंद मापाची गाडी सुरू झाली आणि १९०६ साली तिचा फाटा पंढरपूरला गेला. यात्रेकरू पंढरीहून निघताना बुक्का, चुरमुरे, तुळशीची माळ घेत. आता त्या गाठोड्यात गुंडाळी केलेले एक चित्रही येऊ लागले. काच आणि चौकट लाभली की ते खुंटीच्या वर टांगले जाई. एम. व्ही. धुरंधर, पुढे रघुवीर मुळगावकर, दीनानाथ दलाल, एस. एम. पंडित अशा चित्रकारांचे काम दिनदर्शिका, मासिकांची मुखपृष्ठे आणि छापील चित्रे यांच्या रूपाने घरांत आले. वर्ष संपले तरी दिनदर्शिकेवरचे चित्र फेकले जात नसे. ते कापून चौकटीत बसविले जाई.

लाभ मोठा होता, हानीही झाली. जिवतीचा छापील कागद बाजारात आल्यावर भिंतीवर जिवती काढण्याचे कारण उरले नाही. लक्ष्मीचा चेहरा सर्वत्र एकच झाला. पूर्वी प्रत्येक घरातील नाग वेगळा असे, कारण प्रत्येक घरातील हात वेगळा असे.

आपल्या घरातील चित्र

हा प्रश्न आपल्या ख्रिस्ती घरांनाही तितकाच लागू आहे. १९०७ साली फादर मातेओ क्रॉली-बोव्ही यांनी येशूच्या पवित्र हृदयाच्या चित्राची कुटुंबात प्रतिष्ठापना करण्याची प्रथा सुरू केली आणि ती जगभर पसरली. आपल्या बहुतेक घरांत दर्शनी भिंतीवर ते चित्र असते व त्यापुढे कुटुंबाची प्रार्थना होते. मात्र आपल्याकडे आलेली बहुतेक चित्रे युरोपीय नमुन्याची होती. चेहरा, वस्त्रे, मागील डोंगर व झाडे, सारे तेथलेच. श्रद्धेला त्याने बाधा आली नाही. परंतु ख्रिस्त आपल्या ओसरीवर येऊन बसला आहे असे वाटण्यास थोडी अडचणच झाली.

ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांत अँजेलो द फोन्सेका यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९०२ साली गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील पाश्चात्त्य वळण सोडून बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्याकडे धडे घेतले. त्यांची पवित्र मरीया साडी नेसलेली, सावळी, जमिनीवर बसलेली आहे. गोव्यात अशा चित्रांना विरोध झाला. त्यांनी गाव सोडले आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आश्रय घेतला. इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी त्यांना धीर दिला. १९६७ साली पुण्यातच त्यांचे निधन झाले. द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६३ साली उपासनाविषयक दस्तऐवजात चर्चने कोणतीही एक कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही, सर्व लोकांच्या कलेला तिच्यात स्थान आहे, असे स्पष्ट केले. फोन्सेका ते काम त्याआधी तीन दशके एकाकीपणे करीत होते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यात पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. आपल्या घरांच्या भिंतींवर मात्र ती चित्रे अभावानेच दिसतात.

धाग्यांचे चित्र

सोलापूर जिल्ह्याने घराला दिलेली स्वतःची देणगी कागदाची नव्हे, सुताची आहे. सोलापुरात कापडाची पहिली गिरणी १८७७ साली सुरू झाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग व पुढे यंत्रमाग यांवर हे शहर नावारूपास आणले. सोलापुरी चादरीवरील फुले आणि मोर रंगवलेले नसतात. ते विणलेले असतात. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने ताण्याचे नेमके कोणते धागे उचलावयाचे हे ठरते. जोसेफ जॅकार्ड या फ्रेंच माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढलेली ही युक्ती सोलापूरच्या पेठांत घरगुती झाली. म्हणूनच चादर उलटली तरी नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते. याच विणकरांनी भिंतीवर टांगण्यासाठी धाग्यांची चित्रेही विणली. देवता, थोर पुरुष, निसर्गदृश्ये असे त्यांचे विषय असतात. चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु मानांकनाने पोट भरत नाही. स्वस्त छापील नकलांच्या बाजारात खऱ्या विणीची पारख करणारा गिऱ्हाईकच तिला तारू शकतो.

जुन्याचा मोह आणि सत्य

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या घराचे गोडवे गाताना त्याची किंमत विसरता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जवळजवळ ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पुष्कळांचा घात त्याच दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या भारानेच केला. वर्षानुवर्षे गळती थांबविण्यासाठी छपरावर मातीवर माती चढविली गेली होती. तो सारा भार निजलेल्या माणसांवर आला. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. सिमेंटच्या एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्या सुरक्षित होत्या, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पण हळूहळू लोकांनी त्या घरांना ओटे जोडले, पडव्या काढल्या, आपापले रंग दिले. निवारा मिळाला तरी माणसाला आपले घर ओळखता यावे लागते.

टेंभुर्णीजवळच्या भीमाकाठाने वेगळ्या प्रकारचे दुःख पाहिले. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीकाठची कित्येक गावे पाण्याखाली गेली. त्या पाण्याने पुढे ऊस पिकला, तालुक्याचे रूप पालटले. ज्यांची घरे बुडाली त्यांना नवी गावठाणे मिळाली. घर सोडताना दारे, चौकटी, तुळया उचलून नेता येतात; पिढ्यान्‌पिढ्या सारवलेली भिंत उचलून नेता येत नाही. उन्हाळ्यात पाणी खूप उतरले म्हणजे पळसदेवच्या जुन्या मंदिरासारखे अवशेष उघडे पडतात. दगडी मंदिर टिकले. मातीची घरे मातीला मिळाली, आणि त्यांच्याबरोबर त्या भिंतींवरची सारी चित्रे.

आज टेंभुर्णीतही तयार रंग मिळतात, प्लास्टर ऑफ पॅरिसची छते होतात, भिंतीला चिकटविण्याचे छापील कागद येतात. त्यात गैर काही नाही. ज्या गृहिणीने आयुष्यभर गुडघ्यांवर बसून सारवण केले तिला फरशीचा आनंद आपण कोणत्या तोंडाने नाकारावा? प्रश्न एवढाच, की सारे विकत आणल्यावर घरातल्या माणसांच्या हाताला काय उरले? घर आशीर्वादित करण्यासाठी आम्ही पुरोहित जातो तेव्हा नव्या, सुंदर आणि महागड्या भिंती पाहतो. त्यांवर या कुटुंबाचे असे काय आहे, हे पुष्कळदा शोधावे लागते.

वाचकहो, उपाय फार खर्चाचा नाही. घरातील एक भिंत मुलांच्या चित्रांसाठी राखून ठेवा आणि दर नाताळला ती बदला. खरेदी करावयाचीच असेल तर एखादे हाताने विणलेले सोलापुरी चित्र घ्या, आणि ते कोणी विणले हे विचारून घ्या. आजी हयात असेल तर ती कोणती रांगोळी काढत असे, हे तिच्याकडून वहीत उतरवून घ्या. तिची बोटे चालत आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. येशूचे आणि मरीयेचे चित्र निवडताना आपल्या मातीतील चित्रकारांनी काय काढले आहे, हे एकदा आवर्जून पाहा. आणि आजोबांच्या काळातील चौकटीतले जुने चित्र माळ्यावर पडले असेल, तर ते रद्दीत जाण्यापूर्वी खाली उतरवून त्याच्या कोपऱ्यातील बारीक अक्षरे वाचा. त्यावर कदाचित मळवलीचे नाव निघेल.