मौद्यातला ‘ई जे के बी एच’

आमच्या कार्यालयात २००४ सालची एक फाइल आहे. तिच्यात ‘मराठी’ हा शब्द ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवलेला आहे. संगणकावर कृतिदेव हा फॉन्ट असेल तर ‘मराठी’ दिसतं. नसेल तर ही पाच अक्षरं दिसतात, आणि त्यांच्या पुढेमागे अशीच हजारो. फोनवर ती फाइल उघडलीत तर तुम्ही म्हणाल, खराब झाली. ती ठणठणीत आहे. २००४ साली जे साठवलं गेलं तेच तुम्हाला दिसतंय.

मी मौद्यात एका लहान सामाजिक संस्थेचे संगणक सांभाळतो. आमचा ‘आयटी विभाग’ म्हणजे अडीच माणसं: मी, एक सहकारी आणि अर्धा दिवस हिशोब बघणाऱ्या एक ताई. नागपूर-भंडारा महामार्गावरचं, कन्हान नदीकाठचं हे गाव. आजूबाजूला धानाची शेती आणि तालुक्यातच एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र. (तरी आम्हाला प्रत्येक टेबलाखाली यूपीएस लागतोच.) संगणक २२. त्यातले निम्मे कुणीतरी जुने झाले म्हणून देऊन टाकलेले. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ते आपोआप बंद पडतात, मग आम्ही झाकण उघडून पंख्यातली धूळ काढतो. लोकांना वाटतं आमचं काम एवढंच. खरं तर माझा सगळ्यात जास्त वेळ या पाच अक्षरांनी खाल्लाय, म्हणून त्यांचा इतिहास शोधायला लागलो.

तो टाइपरायटरपासून सुरू होतो. देवनागरीचा रेमिंग्टन कीबोर्ड यंत्राच्या सोयीने बनला होता. यंत्राला अक्षर कळत नाही, आकार कळतो. काना वेगळा, वेलांटी वेगळी, अर्धा श वेगळा. पहिली वेलांटी कागदावर व्यंजनाच्या डावीकडे येते, म्हणून ती आधी मारायची आणि मग व्यंजन. विदर्भातल्या तालुक्यातालुक्यात टायपिंग इन्स्टिट्यूट होत्या. तिथे शिकलेल्या हजारो मुलामुलींच्या बोटांत हा क्रम कायमचा बसला. त्यावर नोकऱ्या मिळाल्या.

संगणकाने याहून शहाणा रस्ता धरला होता, हे मला फार उशिरा कळलं. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जिस्ट’ हे तंत्र उभं केलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाली आणि ते काम तिथे आलं. त्यांचा विचार असा: आकार साठवू नका, अक्षर साठवा. ‘कि’ लिहायचं तर आधी क, मग वेलांटी, म्हणजे आपण उच्चारतो तसं. दिसताना वेलांटी डावीकडे नेणं हे यंत्राचं काम. त्यातून ‘इस्की’ हे प्रमाण पक्कं झालं, १९९१ मध्ये ते भारतीय मानक झालं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरून घेतली. आज तुम्ही फोनवर आधी क आणि मग वेलांटी दाबता, त्या क्रमामागे हे काम आहे.

मग कार्यालयांत हे का पोचलं नाही? जिस्टसाठी संगणकात एक वेगळं कार्ड बसवावं लागे. पुढे विंडोज आलं आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की कार्डाची गरजच नाही. फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’चं चित्र काढा, ‘ई’च्या जागी ‘म’चं. संगणक समजेल आपण इंग्रजी लिहितोय, कागदावर मराठी उमटेल. कृतिदेव या जातीचा. त्याचा कीबोर्ड रेमिंग्टनचाच, त्यामुळे टायपिस्टला नवं काही शिकावं लागलं नाही. मी या जुगाडाला नावं ठेवत नाही. छापील पत्र हेच ज्या काळात अंतिम काम होतं, त्या काळात ते उत्तम चाललं. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचंच आयएसएम अशी बरीच सॉफ्टवेअर होती आणि त्यांच्या फॉन्टची आतली मांडणी एकमेकांशी जुळत नव्हती. एकाची फाइल दुसऱ्यात उघडली की कचरा.

दुखणं बाहेर पडलं ते याद्यांमध्ये. नाबार्डने १९९२ पासून बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि आमच्यासारख्या संस्थांकडे बायकांच्या नावांच्या याद्या वाढत गेल्या. कृतिदेवमधली यादी क्रमाने लावा, संगणक ती इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावतो. पहिली इंदू, कारण ‘इ’ इंग्रजी ‘बी’वर आहे. मग बेबी, कमला, मंदा. त्यानंतर पहिल्या वेलांटीवाल्या सगळ्या एका ढिगात: सिंधू, विमला, चित्रा, निर्मला. कारण वेलांटी ‘एफ’वर आणि ती सगळ्यात आधी मारलेली. अनुसया नंदाच्याही मागे, आणि गंगा तिच्या पाठीमागे. जुन्या कर्मचाऱ्यांना हा क्रम पाठ होता. ते सरळ ढिगात हात घालून विमला काढत.

विंडोज २००० मध्ये मंगल हा युनिकोड फॉन्ट आला. तो रेखाटला होता र. कृ. जोशींनी. मराठी कवी, सुलेखनकार, आयआयटी मुंबईतले शिक्षक. जगभरच्या संगणकांवर देवनागरी म्हणून बरीच वर्षं लोकांनी जे पाहिलं ते या माणसाच्या हातचं. पण एक्सपीवर युनिकोड नीट चालायला सेटिंगमधल्या एका चौकोनात खूण करून, सीडी घालून फायली चढवाव्या लागत. तो चौकोन कुठे आहे हे गावात कुणाला ठाऊक? केंद्र सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच प्रमाण ठरवलं. आमच्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं पत्रं कृतिदेवमध्येच निघत होती, कारण छापखाना तेच मागायचा आणि टायपिस्टची बोटं तेच जाणायची.

गेल्या वर्षी एका गावातला जुना गट मोडायचं ठरलं. इतक्या वर्षांची बचत वाटायची होती. कागदी रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. संगणकातली फाइल नव्या यंत्रावर उघडली तर रकमा जशाच्या तशा, आकडा न् आकडा बरोबर, कारण त्या अंकांच्या रकान्यात होत्या. नावांच्या रकान्यात मात्र इंग्रजी अक्षरांची उसळ. म्हणजे कुणाचे तरी ४,३६० रुपये आहेत, पण कुणाचे ते सांगता येत नाही. दोन सभासद तोवर वारल्या होत्या, त्यांच्या वारसांमध्ये कुरबुर सुरू झालेली.

फॉन्ट चढवून यादी वाचता आली. पण ती पुढेही वाचता यावी, तर युनिकोडमध्ये आणायला हवी. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. मात्र कृतिदेवचे जे आम्ही वापरून पाहिले ते हिंदी मजकूर समोर ठेवून बनवलेले वाटले. मराठीतला तो चंद्रकोरीसारखा र, ‘दुसऱ्या’मधला, त्यांच्या घशात अडकतो. विदर्भात हे चालायचं नाही, इथे शेजारच्या प्रदेशाचं नावच वऱ्हाड आहे. आम्ही नावं गटाच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. ‘वर्हाडे’ वाचलं तशी मागून एक काकू म्हणाल्या, ‘असं आडनाव असते का कुठं भाऊ? अन् रखमा नाही, रखमाबाई लिवा. बँकेत तसंच हाय.’ एका दुपारी ६० नावं तपासून झाली. वारसांनी आपापल्या आईचं नाव पडद्यावर स्वतः पाहिलं, मगच सह्या केल्या.

तेव्हापासून आमच्या नोंदवहीत प्रत्येक संगणकापुढे त्याची रॅम, डिस्क यांच्याबरोबर त्यात कोणते जुने फॉन्ट आहेत हेही लिहितो. दिलेला संगणक आला की पूर्वी आम्ही सरळ फॉरमॅट मारायचो. आता आधी फॉन्टची फोल्डर उतरवून घेतो, मग काय ते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ आमच्या दान आलेल्या बऱ्याच यंत्रांवर बसत नाही. त्यांच्यावर हळूहळू लिनक्स टाकतोय. ताई कुरकुरतात, पण त्यांनी इनस्क्रिप्ट कीबोर्ड महिनाभरात उचलला. रेमिंग्टन न शिकलेल्यांना तो सोपाच जातो.

शेवटचा एक्सपी संगणक अजून ठेवलाय, इंटरनेटची तार काढून. जवळपास ३०० फायली एका जुन्या सॉफ्टवेअरच्या आहेत. ते चालायला डोंगल लागतं आणि ते डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्येच बसतं. नव्या यंत्रांना तो पोर्ट नाही. सहकारी दर शुक्रवारी तो संगणक सुरू करतो, दहाबारा फायलींच्या प्रती छापून घेतो आणि नावं पुन्हा हाताने टाइप करतो. मागच्या शुक्रवारी तो १९९९ पर्यंत पोचला होता.