विमान उडवण्याआधी हवामान कसं विचारतात? छोट्या विमानांचं ‘ब्रीफिंग’ समजून घेऊया

गोंदियाजवळचं बिरसी असो की बारामती, डोक्यावरून घिरट्या घालणारी छोटी शिकाऊ विमानं या भागातल्या लोकांना आता नवी राहिलेली नाहीत. तालुक्यातली मुलं-मुली वैमानिक व्हायला निघतात, काही जण प्रशिक्षणासाठी अमेरिकेतही जातात. फी किती, मेडिकल कुठे, परीक्षा किती याची चौकशी घरचे भरपूर करतात. पण उड्डाणाआधी हवामान कसं विचारायचं आणि कधी ‘आज नाही’ म्हणायचं, हे शिक्षणही तेवढंच मोठं आहे. त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही माहिती.

छोट्या विमानाला हवामान जास्त का नडतं?

मोठ्या प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात, नाकात हवामानाचं रडार असतं, पाठीशी कंपनीचं कार्यालय असतं. शिवाय ते बऱ्याच ढगांच्या वरून जातं. दोन-चार आसनी, एका इंजिनाचं विमान मात्र ढगांच्या खालून, डोंगर-रस्ते-नद्या बघत जातं. या ‘बघून उडण्या’ला व्हीएफआर म्हणतात. ढगात शिरून फक्त यंत्रांवर उडवणं म्हणजे आयएफआर. त्याचं प्रशिक्षण वेगळं आणि परवानगीही वेगळी.

बघून उडणारा माणूस ढगात शिरला तर काय होतं? १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. यंत्रांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या २० शिकाऊ वैमानिकांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिलं. विसांच्या वीस जणांचा ताबा सुटला. सरासरी वेळ भरला १७८ सेकंद, म्हणजे पुरती तीन मिनिटंही नाहीत. डोळ्याला क्षितिज दिसत नसेल तर कान आणि शरीर चुकीचा तोल सांगतात. विमान एका अंगाला कललेलं असतं आणि माणसाला वाटतं, सरळच चाललंय.

ब्रीफिंग म्हणजे नेमकं काय?

वाटेत काय भेटणार हे निघण्याआधी पद्धतशीर विचारून घेणं, एवढंच. अमेरिकेत यासाठी ‘फ्लाइट सर्व्हिस’ नावाची सेवा आहे. तिचं मूळ १९२० मध्ये टपाल विमानांसाठी उभारलेल्या रेडिओ केंद्रांत आहे. तिथला खासगी वैमानिक आजही फुकट फोन करून प्रशिक्षित माणसाशी बोलू शकतो. ब्रीफिंगचे तीन प्रकार आहेत:

- पूर्ण ब्रीफिंग: आधी काहीच पाहिलं नसेल तेव्हा.
- थोडक्यात ब्रीफिंग: आधी घेतलेल्या माहितीत काय बदललं तेवढंच.
- आगाऊ अंदाज: निघायला सहा तास किंवा जास्त वेळ असेल तेव्हा.

पूर्ण ब्रीफिंगचा क्रम ठरलेला असतो. सगळ्यात आधी धोक्याची गोष्ट: वादळ, बर्फ, दाट धुकं, जोराचे झोत. मग गरज असेल तर ‘बघून उडणं योग्य नाही’ असा सल्ला. त्यानंतर एकंदर चित्र, आत्ताची स्थिती, वाटेतला अंदाज, पोचण्याच्या ठिकाणचा अंदाज, वरच्या थरातले वारे आणि शेवटी धावपट्टी बंद वगैरे सूचना. वाईट बातमी आधी, हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. ती ऐकूनच बेत रद्द झाला तर पुढचं ऐकायची गरजच उरत नाही.

मेटार आणि टॅफ वाचायचं कसं?

‘मेटार’ म्हणजे विमानतळावरची आत्ताची स्थिती. एका ओळीत सगळं असतं: विमानतळाचं चार अक्षरी नाव, तारीख-वेळ, वारा, दृश्यता, पाऊस-धुकं, ढग, तापमान आणि दवबिंदू, हवेचा दाब.

इथे नवखे हमखास अडखळतात ते असं:

- वेळ जागतिक असते, आपली नाही. ०२३० लिहिलं असेल तर आपल्याकडे सकाळचे आठ.
- २७०१० म्हणजे वारा पश्चिमेकडून येतोय, वेग १० नॉट, ताशी साधारण १८ किलोमीटर.
- ढगांचा आकडा शेकड्यात असतो. ००८ म्हणजे विमानतळापासून ८०० फुटांवर.
- तापमान १८ आणि दवबिंदू १७ असेल तर सावध. दोन्ही आकडे जवळ आले की हवा दव धरायच्या बेतात असते, धुकं कधीही उतरू शकतं. थंडीत पहाटे रानात जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

‘टॅफ’ म्हणजे विमानतळाचा पुढच्या काही तासांचा अंदाज. पण तो विमानतळाभोवतीच्या साधारण ८ किलोमीटरपुरताच असतो. नागपूरचा टॅफ स्वच्छ असला म्हणून भंडाऱ्याच्या पुढच्या जंगलावर धुकं नाही, असं होत नाही. दोन विमानतळांच्या मधला भाग नकाशे, उपग्रहाची चित्रं, रडार आणि धोक्याच्या इशाऱ्यांवरूनच समजून घ्यावा लागतो.

माहिती पोचली नाही तर…

३ फेब्रुवारी १९५९. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, क्लिअर लेक गावाजवळ, मध्यरात्रीनंतर एक छोटं बोनान्झा विमान उडालं आणि काही मिनिटांतच शेतात कोसळलं. बडी हॉली, रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन हे तीन लोकप्रिय गायक आणि २१ वर्षांचा वैमानिक, चौघेही गेले. वैमानिकाने हवामान विचारलं नव्हतं असं नाही, त्याने ते एकापेक्षा जास्त वेळा विचारलं होतं. पण वाटेतल्या खराब हवेबद्दलचे दोन तातडीचे इशारे त्याच्या कानावर घातलेच गेले नाहीत. यंत्रांवर उडण्याचा परवाना नसताना तशा हवेत निघण्याचा निर्णय हे चौकशीत मुख्य कारण ठरलं, पण ब्रीफिंगमधल्या गंभीर त्रुटींचीही त्यात स्पष्ट नोंद झाली.

…आणि माहिती ‘चांगली’ असली तरी

दुसरं उदाहरण उलटं आहे. १६ जुलै १९९९ च्या संध्याकाळी माजी राष्ट्राध्यक्षांचे पुत्र जॉन केनेडी ज्युनिअर पत्नी आणि मेहुणीला घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. त्यांनी इंटरनेटवरून हवामान पाहिल्याची नोंद आहे. बघून उडायला मनाई करावी असं त्या अंदाजात काही नव्हतं. पण रात्र अंधारी, खाली समुद्र आणि हवेत धुरकट थर. आकाश कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळेना. दिशेचं भान सुटलं आणि विमान समुद्रात पडलं.

म्हणजे आकडा नियमात बसतो का, एवढंच पाहून चालत नाही. त्या आकड्याला रात्र, पाणी, डोंगर आणि आपला अनुभव जोडून पाहावं लागतं.

वैमानिकांच्या अनुभवातून आलेले मुद्दे

*अर्धा प्रश्न, अर्धं उत्तर.* ‘हवामान कसं आहे?’ असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच मिळतं. विमान कोणतं, कुठून-कुठे, कोणत्या वाटेने, किती उंचीवर, किती वाजता आणि बघून की यंत्रांवर, हे आधी सांगायचं.

*लांडगा आला रे आला.* ‘बघून उडणं योग्य नाही’ हा सल्ला वारंवार मिळतो आणि कित्येकदा प्रत्यक्षात हवा बरी निघते. मग वैमानिक ते ऐकून सोडायला लागतात. जाणते लोक यावर एकच उपाय सांगतात: सल्ला कशामुळे दिला ते विचारा. धुकं दहा वाजता उठणार असेल तर थांबता येतं. वादळाची रांग वाटेत असेल तर घरी जायचं.

*स्थानिक माणूस गेला.* २००५ मध्ये अमेरिकेच्या बहुतेक भागातली ही सेवा खासगी कंपनीकडे गेली आणि ५८ केंद्रांचं काम मोजक्या ठिकाणी एकवटलं. २००७ मध्ये फोनवर ताटकळावं लागतं, समोरच्याला आमच्या भागातली खिंड कुठली तेही माहीत नसतं, अशा तक्रारींचा पाऊस पडला. तालुक्याचं कार्यालय बंद होऊन काम लांबच्या कॉल सेंटरला गेलं की काय होतं, ते आपल्यालाही ठाऊक आहे. पुढे सेवा सुधारली, पण तोवर अनेक जण स्वतःच मोबाईल-संगणकावर माहिती काढायला लागले होते. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी खात्याने स्वतः ब्रीफिंग कसं घ्यावं याची मार्गदर्शिकाच काढली.

*चित्र खोटं बोलत नाही.* अलास्कात डोंगरी खिंडींवर सरकारी कॅमेरे बसवले आहेत. आत्ताच्या फोटोशेजारी त्याच जागेचा स्वच्छ दिवसाचा फोटो दाखवतात. समोरचा डोंगर दिसत नसेल तर आकडे वाचायचीही गरज नाही.

आपल्याकडे काय पद्धत?

भारतात हे काम हवामान खातं करतं. १८७५ मध्ये सुरू झालेल्या या खात्याची विमानतळांवर हवामान कार्यालयं आहेत, आणि ऑनलाइन ब्रीफिंगची सोयही आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथल्या केंद्रांतून आपापल्या हवाई क्षेत्रासाठी धोक्याचे इशारे निघतात.

नियमांतही फरक आहे. आपल्याकडे बघून उडायला साधारणपणे किमान ५ किलोमीटर दृश्यता लागते आणि सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत अशा उड्डाणांना सर्वसाधारण परवानगी नसते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ३ मैल दृश्यता चालते आणि रात्रीही बघून उडता येतं. तिथून शिकून आलेल्यांनी आणि तिकडे जाणाऱ्यांनी हा फरक, शिवाय मैल आणि मीटर यांचा हिशोब, डोक्यात पक्का ठेवायला हवा.

निघण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. ही माहिती किती वाजताची आहे? त्यानंतर काही बदललं का?
२. वाटेतला सगळ्यात वाईट भाग कोणता आणि तिथे कधी पोचणार?
३. हवा बिघडली तर मागे किंवा बाजूला कुठे उतरता येईल?
४. तेवढं इंधन आहे का?
५. आज पोचलंच पाहिजे म्हणून तर निघत नाही ना?

पाचवा प्रश्न घरच्यांसाठीही आहे. प्रशिक्षणाचा तासातासाचा खर्च असतो, बऱ्याच घरांनी त्यासाठी कर्ज काढलेलं किंवा जमिनीचा तुकडा विकलेला असतो. चार दिवस उड्डाण नाही म्हटलं की फोनवर पहिला प्रश्न येतो, ‘अजून तास का नाही भरले?’ त्याऐवजी ‘हवा कशी होती?’ असं विचारा. हवा पाहून विमान जमिनीवर ठेवणारा मुलगा किंवा मुलगी मागे पडलेली नसते. त्या दिवशीचा धडा त्यांनी बरोबर गिरवलेला असतो.